उबवणीच्या कपाटावरची चिमणी

"हे?" थोरली म्हणाली. "हे माझी अंडी उबवणार?"

धाकटीच्या तळहातावर एक हिरवा बोर्ड होता. पत्त्यांच्या कॅटाएवढा, वजनाने त्याहून हलका, वर दोन-चार काळ्या चिप आणि कडेला वायरी खुपसायची भोकं.

"ताई, हा अख्खा कॉम्प्युटर आहे," धाकटी म्हणाली. "मूर्ती लहान पण कीर्ती महान!"

"कीर्तीचं मागून बघू. आधी मूर्ती नीट धर, पडेल खाली."

या दोघी जावा. एकाच अंगणात समोरासमोर दोन घरं आणि मध्ये कोंबड्यांची लांबलचक शेड. शेड थोरलीची. बेचाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंकडे काळ्या कोंबड्यांचा एक वाण होता. त्यांनी तो स्वतः, पिढ्यान्‌पिढ्या निवडून घडवलेला. पिसं काळी, पाय काळे, अंगाने आटोपशीर आणि ऐन थंडीतही अंडी देणाऱ्या. पुढे सासूबाई गेल्या, थोरलीचा नवरा गेला, वाण तेवढा राहिला. तो दुसऱ्या कोणाकडेच नव्हता, कारण थोरली अंडी आणि म्हाताऱ्या कोंबड्या खायला म्हणून विकायची, पण कोंबडा कधीच विकायची नाही. हट्टच होता तिचा. "माझ्या शेडीतला वाण माझ्याच शेडीत राहील," म्हणायची, आणि म्हणताना मान अशी काही ताठ करायची की पुढे बोलायची कोणाची छाती व्हायची नाही.

आणि मग एका पहाटे भटकी कुत्री कुंपणाखालची माती उकरून आत शिरली. सकाळी थोरली दाणे घेऊन गेली तर एकही कोंबडी जिवंत नव्हती. कोंबडाही नाही, अंड्यांवर बसायला एखादी खुडूक कोंबडीसुद्धा नाही. ती बाई रडली नाही. तिने शेड झाडली, खड्डा खणला, आणि दुपारी गार खोलीतल्या फडताळातली अंडी मोजली. एक्केचाळीस. आठवडाभर विकायची म्हणून बाजूला ठेवलेली. तेवढाच वाण आता जगात शिल्लक होता.

अंडी अशी ठेवून फार तर दहा दिवस टिकतात, पुढे ऊब देऊनही आत काही धरत नाही. उबवणीचं लाकडी कपाट होतं, पण त्याचा ऊब राखणारा डबा महिन्यापूर्वीच जळला होता आणि नवा यायला तीन आठवडे लागणार होते. आता बोला! म्हणून धाकटी पुढे सरसावली होती. ती पाणीपुरवठ्याच्या कचेरीत खिडकीमागे बसून लोकांच्या तक्रारी कॉम्प्युटरवर चढवायची आणि घरी आली की असले बोर्ड जोडत बसायची. तिचा नवरा बस चालवायचा. तो म्हणायचा, "हिला सोनं नको, वायरी आणून द्या."

पहिल्या दिवशी धाकटीने मोठी चूक केली. सगळे जी घालतात तीच भलीमोठी ऑपरेटिंग सिस्टिम तिने बोर्डात घातली. खिडक्या, रंगीत चित्रं, कोपऱ्यात घड्याळ, काय विचारू नका. सुरू व्हायलाच दोन मिनिटं लागली. बोर्ड तव्यासारखा तापला. दोघी कौतुकाने बघतायत तोच वीज गेली, जशी त्या भागात दिवसातून दोनदा जायचीच. वीज आली तेव्हा पडद्यावर नुसता काळोख. ती सिस्टिम सतत आपल्या मेमरी कार्डावर काहीतरी लिहीत असते, आणि लिहिता लिहिता वीज तुटली की कार्ड बिघडतं. ते बिघडलं होतं.

"नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा," थोरली म्हणाली. "त्यापेक्षा मीच बसते अंड्यांवर."

"ताई, एक दिवस द्या मला!"

"दिवस माझ्या हातात कुठे आहेत? ते अंड्यांच्या हातात आहेत."

दुसऱ्या दिवशी धाकटीने रजा टाकली. तिने एक दुसरी सिस्टिम शोधून काढली होती, हलकी, अगदी फुलासारखी. हिच्यात खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि बस्स. सुरू होताना ती कार्डावरून एकदाच सगळं वाचून घेते, बोर्डाच्या स्मरणात बसवते आणि मग कार्डाला हातसुद्धा लावत नाही. मग वीज जाऊ दे की येऊ दे, कार्डाचं काय वाकडं होणार?

कार्ड खोचलं, वीज दिली आणि धाकटी मोजायला लागली. एक, दोन, तीन... नऊ म्हणेपर्यंत हिरवा दिवा लागला, कपाटातला पंखा भिरभिरला, अंड्यांचा ट्रे कुरकुरत एका अंगाला कलला. धाकटीने अशी किंकाळी फोडली की थोरली घरातून चप्पल न घालता धावत आली.

"काय जळलं?"

"काही नाही जळलं! नऊ सेकंद, ताई! नऊ! आणि हात लावा, हात लावून बघा, गार आहे! आता प्लग काढा."

"मी?"

"तुम्हीच काढा. खसकन!"

थोरलीने प्लग खसकन उपटला आणि परत लावला. नऊ सेकंदात हिरवा दिवा. तिने पुन्हा उपटला. पुन्हा दिवा. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तशी ती बाई सात वेळा फुंकून प्यायली. सातव्यांदा दिवा लागल्यावर तिच्या तोंडावर चार दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

"चिमणीएवढं आहे, पण चिवट आहे मेलं," ती म्हणाली. तेव्हापासून बोर्डाचं नाव चिमणी पडलं.

धाकटीने चिमणी कपाटाच्या माथ्यावर बसवली, शेजारी जुना पडदा आणि अंकांचा कीबोर्ड. हुकूम तिने सोपे ठेवले होते: एक म्हणजे ऊब, दोन म्हणजे हवेतला ओलावा, तीन म्हणजे ट्रे फिरवणं. आणि नऊ म्हणजे जपून ठेवणं. कारण या हलक्या सिस्टिमची एक खोड होती. तुम्ही काही बदललंत तर ती ते लगेच पाळते, पण फक्त स्मरणात. नऊ दाबून कार्डावर उतरवलं नाही, तर वीज गेल्यावर बदल साफ विसरते आणि जुन्याच हुकमांवर उठते. धाकटीला हे नीट माहीत होतं. माहीत असणं वेगळं, म्हणा.

अंडी आत गेली. साडेसदतीस अंश ऊब, पंचावन्न टक्के ओलावा, आणि दर तासाला ट्रे एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, जशी कोंबडी चोचीने अंडी फिरवते तशी. थोरली पडद्यावरचे आकडे बघायची आणि मग गुपचूप एक अंडं काढून मिटल्या पापणीला लावायची. सासूबाईंनी शिकवलेली रीत. पापणीला अंडं ना गार लागलं पाहिजे ना गरम.

"काय म्हणते पापणी?" धाकटी विचारायची.

"तुझी चिमणी खोटं बोलत नाही म्हणते."

सातव्या दिवशी अंधाऱ्या कोपऱ्यात अंडी एकेक करून दिव्यासमोर धरली. सहा रिकामी निघाली. बाकीच्यांत लाल शिरांचं जाळं आणि मध्ये धडधडणारा ठिपका. धाकटीने ते आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. चौदाव्या दिवशी आणखी चारांची वाढ थांबलेली निघाली. राहिली एकतीस. वीज तोवर पंचवीस वेळा तरी गेली असेल, चिमणी पंचवीस वेळा उठली. धाकटी कचेरीत ज्याला त्याला हेच सांगायची. नळाची तक्रार घेऊन आलेले लोक अंड्यांची हकिगत ऐकून परत जायचे.

अठरावा दिवस मोठा. त्या दिवसापासून अंडी फिरवायची नसतात, कारण आत पिल्लू बाहेर पडायच्या बेतात डोकं वर करून बसतं. ओलावा वाढवायचा, नाहीतर कवचाच्या आतला पडदा सुकून पिल्लाला जखडतो. थोरलीने अंडी खाचांतून काढून त्याच ट्रेवर फडक्यावर आडवी मांडली. धाकटीने तीन दाबून ट्रे थांबवला. दोन दाबून ओलावा अडुसष्टवर नेला. पडदा म्हणाला ठीक, पंखा म्हणाला ठीक.

"अगं ये! लवकर ये!" कोपऱ्यातून थोरली ओरडली. तिच्या हातातलं शेवटचं अंडं दिव्यासमोर होतं आणि आत एक सावली हलत होती. स्वतःहून हलत होती! बघता बघता पिल्लाची चोच अंड्यातल्या वरच्या हवेच्या पोकळीत घुसली. "श्वास घेतंय बघ, पहिला श्वास," थोरली कुजबुजली. दोघी एकमेकींचे खांदे धरून बघत राहिल्या. मग अंडं आत ठेवलं, दार लावलं, आणि धाकटी आनंदाने नुसती तरंगत घरी गेली.

नऊ दाबायचा राहिला.

योगायोग बघा, त्या दिवशी वीज गेली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. विसाव्या दिवशी दुपारी गेली. धाकटी कचेरीत, थोरली शेडीत काचेला नाक लावून बसलेली, कारण सकाळपासून चार अंड्यांना बारीक तडे गेले होते आणि आतून चिवचिव येत होती. दहा मिनिटांनी वीज आली, नऊ सेकंदात हिरवा दिवा लागला. "शाब्बास गं बाई," थोरली चिमणीला म्हणाली.

आणि ट्रे कुरकुरला.

तिला आधी कळेचना. मग ट्रे हळूहळू एका अंगाला कलू लागला आणि फडक्यावरची अंडी घरंगळत एकमेकांवर जाऊन कोपऱ्यात गोळा झाली, तडे गेलेली, चिवचिवणारी, सगळी! थोरलीने दार उघडलं, एका हाताने ट्रे वर रेटला, दुसऱ्या हाताने पायातली चप्पल काढून ट्रेखाली कोंबली. मोटर घरघरू लागली. मग तिने फोन लावला.

"अगं, तुझी चिमणी पिसाळली! अंडी फिरवतेय! ट्रेखाली चप्पल कोंबून धरलाय!"

एका क्षणात धाकटीला सगळं दिसलं. कोपऱ्यातला दिवा, हलणारी सावली, न दाबलेला नऊ.

"ताई, चूक माझी आहे. मी जपून ठेवलं नाही. ती अठराव्या दिवसाआधीच्या हुकमांवर उठली."

"चूक कोणाची ते मागून वाटून घेऊ. आता काय करू? वायर ओढू?"

"नको! सगळ्या वायरी एकाच डब्यात आहेत, चुकीची ओढली तर ऊब जाईल. अंडी परत मांडा, दार लावा. मग कीबोर्डाशी या."

"मी? त्याला मी कधी फडकंसुद्धा मारलेलं नाही!"

"मारायचं नाही, दाबायचं आहे. मी इथून निघाले तरी बसने चाळीस मिनिटं लागतील, ताई. तोवर मोटर जळेल, किंवा तुमची चप्पल निसटेल."

चिमणी इंटरनेटला जोडलेली नव्हती, तेव्हा उंटावरून शेळ्या हाकण्याखेरीज गत्यंतर नव्हतं. खिडकीपुढे तक्रारवाल्यांची रांग उभी, आणि धाकटी फोनमध्ये ओरडतेय. "तीन दाबा. मग शून्य. मग उजवीकडची मोठी कळ, वाकडा बाण काढलेली."

"बाण दोन आहेत."

"मोठी ती!"

"ओरडू नकोस, मला चष्मा पुसू दे. तीन. शून्य. बाण." घरघर बंद पडली. "मोटर थांबली! अगं, थांबली गं!"

धाकटी खुर्चीतून उठून उभी राहिली. "आता दोन. मग सहा, आठ. बाण."

"दोन, सहा, आठ. बाण. पंखा फिरला. काचेवर वाफ धरतेय."

"आता नऊ. आणि बाण. ताई, नऊ विसरू नका."

"विसरायला मी काय तू आहे?" कळ दाबल्याचा टक आवाज आला. "काहीतरी लिहून आलं. ठीक, असं."

धाकटीचा जीव भांड्यात पडला. पडतोय न पडतोय तोच पलीकडून थोरली म्हणाली, "थांब, प्लग काढून बघते."

"काय? नको! ताई, आता नको!"

"अशी भरवशावर सोडून मी घरात जाऊ? परत वीज गेली तर? आत्ता मी इथे आहे. काढला."

फोनमध्ये पंख्याचा आवाज थांबला. धाकटी मोठ्याने मोजायला लागली, तिला स्वतःलाही ते कळलं नाही. एक. दोन. रांगेतल्या पहिल्या बाईला काय चाललंय याचा पत्ता नव्हता, पण तीही तीनपासून मोजू लागली. सहापर्यंत अख्खी रांग मोजत होती. सात. आठ. नऊ.

"दिवा लागला," थोरली म्हणाली. "पंखा फिरतोय. ट्रे जागच्या जागी आहे."

कचेरीत टाळ्या वाजल्या. धाकटी मात्र खाली बसली. साहेबांनी तिला काही न विचारता घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीच्या हाकेने अंगण दणाणलं. पहिलं पिल्लू बाहेर होतं, ओलंचिंब, काळं कुळकुळीत, स्वतःच्याच पायांवर पडत-उठत. मग दुसरं, मग एकदम तीन. कवचं टचाटच फुटत होती. धाकटी काचेला चिकटून ओरडत होती, "अजून एक! ताई, अजून एक!" तिचा नवरा बस सुटायची वेळ झाली तरी दारातून हलेना. संध्याकाळपर्यंत बावीस झाली आणि मग कपाटात हालचाल थांबली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नऊ अंडी तशीच पडून होती.

धाकटीचा सगळा उत्साह त्या नऊ अंड्यांपाशी अडखळला. "ही माझ्यामुळे गेली," ती म्हणाली.

"ते बघून बोलू," थोरली म्हणाली. तिने परातीत नऊच्या नऊ अंडी घेतली आणि पायरीवर बसली. "न फुटलेलं अंडं आपण कधी तसंच फेकत नाही. फोडून बघायचं, कशाने गेलं ते. बस इथे."

तिने पहिलं फोडलं. आतलं पिल्लू बोटाच्या पेराएवढं. "हे पंधराव्या-सोळाव्या दिवशीच थांबलं. शिळं अंडं. तुझा संबंध नाही." दुसरं तसंच. तिसरं, चौथं, पाचवं, सहावं. सातवं फोडलं आणि थोरलीने ते उजेडाकडे धरलं. आतलं पिल्लू पूर्ण होतं, पिसांसकट, पण डोकं रुंद बाजूला हवं, ते निमुळत्या बाजूला होतं. आठवंही तसंच. नवव्याला बाहेरून बोटाएवढा खड्डा होता.

धाकटीला वाटलं, आता ताई म्हणतील की जाऊ दे, तुझा काही दोष नाही. तेच ऐकायची तिला भीती वाटत होती, कारण ते खरं नसतं.

"सहा आपसूक गेली," थोरली म्हणाली. "दोन तुझी. घरंगळल्यावर उलटी झाली. आणि हे एक माझं. ट्रे रेटताना माझा अंगठा रुतला."

धाकटी रडायला लागली. थोरलीने तिला रडू दिलं.

"सासूबाई मला अशाच पायरीवर घेऊन बसल्या होत्या," ती मग म्हणाली. "माझी पहिली खेप. तेव्हा कपाटाला तेलाच्या दिव्याची ऊब असायची; दिव्यात तेल घालायला विसरले, अठ्ठावीस गेली. त्यांनी एकेक फोडून दाखवलं आणि सगळी माझीच निघाली. मला वाटलं, आता ही बाई मला शेडीत पाऊल टाकू देणार नाही."

"मग?"

"मग त्यांनी मला उरलेली पिल्लं दिली पाणी पाजायला." थोरलीने परात उचलून बाजूला ठेवली. "आणखी एक. यातले जे कोंबडे निघतील, त्यातला एक तुझ्या माहेरी द्यायचा, सोबत चार कोंबड्या. सगळा वाण एका कुंपणात ठेवायची माझी चूक पहिली होती. ती या नऊ अंड्यांहून मोठी."

धाकटीने डोळे पुसले. थोरलीने कोंबडा द्यायचा म्हटलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं.

"बघत काय बसलीस? हात धू. ये इकडे. पहिलं पाणी पिल्लांना कळत नाही, एकेकाची चोच बुडवावी लागते. मान धरायची, पण दाबायची नाही. हं, अशी."

धाकटीने पहिलं पिल्लू उचललं. मुठीत त्याचं काळीज जोरजोरात धडधडत होतं. तिने चोच वाटीतल्या पाण्यात टेकवली. काहीच झालं नाही. पुन्हा टेकवली. पिल्लाने चोच मिटली, मान वर केली आणि गळा हलला.

"गिळलं!" धाकटी किंचाळली. "ताई, गिळलं!"

"एकवीस राहिली," थोरली म्हणाली, आणि तिने दुसरं पिल्लू धाकटीच्या हातात दिलं.